डोक्यातल्या उघाड्या

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे, दोन-चार ठिकाणी फक्त वाक्यं नीट केली आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावलं, "वीस मिनिटं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." मागच्या मेळाव्यात मी 'मेंदूवर संशोधन करतो' एवढंच सांगून खाली बसलो होतो. त्यावरून नंतर पंगतीत बराच विनोद झाला म्हणे, याला आधी स्वतःचा सापडला का म्हणून. विज्ञानाचे आपले सर समोर बसले आहेत. प्रगतिपुस्तकात त्यांनीही थोड्या सभ्य शब्दांत तेच लिहिलं होतं.

तर आज मी काय करतो ते सांगतो. आणि त्याबरोबर नववीतली एक गोष्ट सांगतो. ज्याची ती गोष्ट आहे त्याची परवानगी घेतली आहे. "नाव घेऊ नको, बाकी काय ते सांग," असं तो म्हणाला. नाव घेतलं नाही तरी आपल्या तुकडीतल्या सगळ्यांना तो कोण ते कळेलच.

पावसाळ्याचे दिवस होते. भूगोलाचा तास. तिसऱ्या बाकावरचा आपला मित्र एकदम ताठ झाला, बाकावरून खाली पडला, हातपाय झाडायला लागला, तोंडातून फेस आला. वर्गात किंकाळ्या. कोणीतरी ओरडलं, "फेफरं आलंय, चप्पल हुंगवा!" आणि व्हरांड्यातून चप्पल आणायला धावलो तो मी. ती चिखलाची चप्पल मी त्याच्या नाकाशी धरली. दीड-दोन मिनिटांत तो शांत झाला आणि मला सगळ्यांनी शाबासकी दिली. तसं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा चप्पल मीच आणली. मग त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. काही घरांतून निरोप आले की पोराला लागण होईल. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. त्याच्या शेजारची जागा रिकामी करणाऱ्यांत मीही होतो. हे मी आज प्रथमच माइकवर बोलतो आहे.

आता माझ्या कामाकडे येतो.

आपल्या मेंदूत चेतापेशी असतात. प्रत्येकीला एक लांब शेपूट असते, तिला आपण पुस्तकात अक्षतंतू म्हणायचो. मेंदूतला अक्षतंतू बहुतेक वेळा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. त्यातून निरोप जातो तो विजेचा. पण ही वीज आपल्या घरातल्या वायरीसारखी नाही, आणि तिथेच सगळी गंमत आहे. वायरीत वीज लांबीच्या दिशेने वाहते. अक्षतंतूत नुसती तशी सोडली तर ती एखाद्या मिलिमीटरमध्येच विरून जाईल, इतकी ही तार गळकी. म्हणून तिथे दुसरी व्यवस्था आहे. ती समजावताना मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दारं, पडदे, टोलनाके असलं काहीबाही सांगत होतो. योग्य शब्द मला आपल्या याच मित्राने दिला.

सहा-सात वर्षांपूर्वी मी गावी आलो असताना त्याच्याकडे गेलो. खाडीच्या बांधाला लागून त्याची खारजमीन आहे, तिथेच बसलो होतो. "तू नक्की करतोस काय?" म्हणून त्याने विचारलं. मी सांगायला लागलो. तंतूच्या बाहेर खारट पाणी असतं, सोडियमचं, म्हणजे आपल्या मिठातलंच ते. आत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. मध्ये एक पातळ भिंत. भिंतीत लाखो बारीक दारं, आणि ती दोन बाजूंच्या फरकाच्या जोरावर आपोआप उघडतात, मिटतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपली उघाडीच की रे."

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो, उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातलं झडपेचं दार. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते. तिथे कोणी माणूस उभा नसतो. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण एवढी चपखल उपमा मला सुचली नव्हती.

तर आता उघाडी हाच शब्द वापरतो. शास्त्रात त्यांना आयन चॅनेल म्हणतात.

तंतू शांत असतो तेव्हा त्याचं आतलं अंग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतं. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या भागाएवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण बांध किती पातळ आहे ते बघा. सुमारे ५ नॅनोमीटर. एवढ्याशा जाडीवर ७० मिलिव्होल्ट म्हणजे हिशेबाने दर सेंटिमीटरला १ लाख ४० हजार व्होल्ट. हवेत सेंटिमीटरला ३० हजारांच्या आसपास झाले की ठिणगी पडते. म्हणजे तुम्ही आत्ता इथे निवांत बसून वडा खात आहात तरी तुमच्या डोक्यातल्या बांधांवर केवढा ताण आहे!

हा फरक थोडा कमी झाला, साधारण १५ मिलिव्होल्टने, की सोडियमच्या उघाड्या धडाधड उघडतात. बाहेरचं सोडियम आत घुसतं. आत घुसलं की शेजारचा फरक कमी होतो, म्हणून शेजारच्या उघाड्या उघडतात, मग त्यांच्या शेजारच्या. अशी लाट पुढे सरकते. निरोप म्हणजे ही लाट. पाणी इथून तिथे जात नाही, ते जागच्या जागी आडवं आत येतं. पुढे जाते ती फक्त उघडण्याची पाळी.

आणि आता या सगळ्या व्याख्यानातली महत्त्वाची गोष्ट. उघडणं सोपं आहे. खरं कसब मिटण्यात आहे. सोडियमच्या उघाडीला आतल्या बाजूने एक खिट्टी असते. दार उघडल्यावर मिलिसेकंदाच्या आसपास ती खिट्टी आतून येऊन भोक बुजवते. फरक पूर्ववत झाल्याशिवाय खिट्टी निघत नाही, तोवर दार पुन्हा उघडणं नाही. म्हणूनच लाट मागे फिरत नाही, पुढेच जाते. दरम्यान पोटॅशियमच्या उघाड्या, ज्या जरा आळशी आहेत, उशिरा उघडतात आणि पोटॅशियम बाहेर सोडून फरक पूर्ववत करतात. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. शिवाय मागे पंप चालू असतो, तो सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत ओढत राहतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. त्यातला मोठा वाटा या पंपाच्या बिलाचा. परीक्षेच्या काळात आई शिरा करून द्यायची, तो त्यासाठी होता असं मी आता तिला सांगतो.

हे सगळं कळलं कसं, तर माखूळमुळे. माखूळची एक शीर अर्धा ते एक मिलिमीटर जाड असते. इंग्लंडमध्ये प्लिमथला १९३९ च्या उन्हाळ्यात हॉजकिन आणि हक्स्ले या दोघांनी त्या शिरेत बारीक तार घालून आतला विद्युतदाब मोजला. लगेच महायुद्ध सुरू झालं. काम थांबलं. युद्धानंतर पुन्हा माखूळ, पुन्हा मोजमाप, आणि १९५२ साली त्यांनी समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लेने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर हँडल मारून मारून तीनेक आठवडे आकडेमोड केली. गणिताने लाटेचा वेग आला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. उघाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, ती असते याचा पुरावाही नव्हता. नुसत्या गणितावरून त्यांनी सांगितलं की उघडणारी आणि मिटणारी अशी काहीतरी वेगवेगळी यंत्रणा असली पाहिजे. 'हे गणित आयुष्यात कुठे लागणार आहे' असं आपण गणिताच्या बाईंना विचारायचो. बाई, हे त्याचं उत्तर, चाळीस वर्षं उशिरा.

एकेका उघाडीची वीज मोजली ती जर्मनीतल्या नेहर आणि साकमान यांनी, १९७६ मध्ये. तो प्रयोग मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा स्वतः केला. पडद्यावर रेघ सरळ चाललेली असते आणि अचानक ती एक पायरी खाली उतरते, पुन्हा वर येते. बस, एवढंच. पण ती पायरी म्हणजे एका रेणूचं दार उघडलं आणि मिटलं. त्या रात्री मी जेवलो नाही. मेसवाल्याला वाटलं, मला घरची आठवण येतेय.

सरांसाठी एक छोटी गोष्ट. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मग पोटॅशियमच्या उघाडीतून सोडियम का जात नाही? लहान वस्तू मोठ्या भोकातून जायलाच हवी. उत्तर मिळालं १९९८ मध्ये, मॅकिनन यांनी एका जिवाणूतल्या अशा उघाडीची रचना दाखवली तेव्हा. आयनाभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. आत शिरताना ते काढून ठेवावे लागतात, देवळात जाताना चपला काढतो तसे. पोटॅशियमला त्या बदल्यात भिंतीतले ऑक्सिजन नेमके हवे त्या अंतरावर मिळतात. सोडियम लहान असल्यामुळे त्याला ते पुरत नाहीत, म्हणून तो पाणी सोडायला तयारच होत नाही. सर, हा प्रश्न तुम्ही आम्हाला घातला असतात तर सगळा वर्ग बाकावर उभा राहिला असता.

आणि सरांची पट्टी. हातावर बसली की आधी 'चट्' कळायचं आणि मग क्षणभराने आग. कारण स्पर्शाच्या जाड तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं आणि उघाड्या फक्त मधल्या मोकळ्या फटींत दाटीने असतात, त्यामुळे लाट फटीफटीतून पळते. जलद तंतूंत सेकंदाला ५० मीटर, त्याहूनही जास्त. मागून येणाऱ्या आगीच्या तंतूंवर वेष्टणच नाही, ते सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. एक एसटीची जलद गाडी आणि एक बैलगाडी. मेंदूतही असे वेष्टणवाले आणि बिनवेष्टणाचे तंतू शेजारी शेजारी आहेत.

आता विंचू. आपल्याकडचा लाल विंचू विसरलेला इथे कोणी नसेल. सरपण उचलताना, कौलं काढताना चावायचा. घाम, थंडगार हातपाय, धाप, आणि तोंडाला गुलाबी फेस. मांत्रिक यायचा तोवर माणूस गेलेला असायचा. त्या विषात असलेली द्रव्यं काय करतात माहीत आहे? ती सोडियमच्या उघाडीची खिट्टी अडवून धरतात. दार उघडतं आणि मिटतच नाही. बांधाला खांड गेल्यासारखं. शरीरभर शिरा पेटतात, अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदय थकून जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या रुग्णांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन माणसं वाचवली, आणि 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं १९८६ साली. म्हणजे आपण दहावीचा पेपर देत होतो त्या वर्षी. आपल्याला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता.

पुढची गंमत ऐका. मी परदेशात शिकत असताना प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून एक बारीक कुपी काढली. आयबेरिओटॉक्सिन. पोटॅशियमच्या एका खास जातीच्या उघाड्या बंद करायला जगभर वापरतात. माहितीपत्रक वाचलं तर उगम लिहिलेला, ब्यूथस टॅम्युलस. आपला लाल विंचू! १९९० मध्ये त्याच्याच विषातून ते वेगळं काढलं होतं. बाहेर बर्फ पडत होतं आणि मी त्या कुपीकडे बघून हसत होतो. गाववाला भेटला की होतं तसं झालं.

तर, मिटण्याचं कसब. आता पुन्हा त्या भूगोलाच्या तासाला चला.

फिट येते म्हणजे काय होतं? मेंदूतल्या हजारो-लाखो पेशी एकाच वेळी, एकाच तालात, थांबायचं विसरून लाटा सोडू लागतात. भूतबाधा नाही, लागण नाही. एरवी सरकणाऱ्या लाटा एकदम उसळतात. आणि बहुतेक फिट मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबते, कारण मेंदूचीच आवरण्याची व्यवस्था अखेर तिच्यावर मात करते. मी चप्पल आणायला जाऊन येईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असायचा. चपलेने काही केलं नाही. शाबासकी फुकट मिळाली.

आपला मित्र शाळा सुटल्यावर दोन वर्षं देवऋषी, गंडे-दोरे यांत फिरला. मग त्याच्या मामाने त्याला मुंबईला नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. फेनिटॉइन. हे औषध अपस्मारावर १९३८ पासून वापरात आहे, म्हणजे उघाड्यांचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून. ते करतं काय? सोडियमच्या उघाडीची खिट्टी बसलेली असेल तेव्हा ते तिला चिकटतं आणि खिट्टी निघायला वेळ लावतं. जी उघाडी सावकाश, गरजेपुरती उघडते तिला फारसा त्रास नाही. जी पिसाटासारखी पुन्हा पुन्हा उघडते तिलाच ते धरतं. म्हणून गोळी घेऊन माणूस शेतीचा हिशेब करू शकतो, आणि फिट मात्र दबते. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेही याच दारावर काम करतं, फक्त तिथे सगळीच दारं बंद होतात.

त्याच्या फिट थांबल्या. हिरड्या सुजायच्या तेवढ्या, तो त्या औषधाचा ठरलेला त्रास आहे. पण लग्नाच्या वेळी घरच्यांनी गोळ्या लपवायला लावल्या, आणि मांडवाच्या आदल्या दिवशी त्याला मोठी फिट आली. गोळी अचानक बंद केली की असं होतं. ते लग्न मोडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींत अपस्माराचा उल्लेख वेडाच्या जोडीने होता, तो काढायला १९९९ साल उजाडलं. त्याचं लग्न पुढे झालं, सगळं सांगून झालं. वहिनी आज आल्या आहेत.

माझं सध्याचं काम याच्याही पुढच्या एका कोड्यावर आहे. काही बाळांना पहिल्याच वर्षी तापाबरोबर फिट येऊ लागतात आणि मग त्या थांबतच नाहीत. ड्रावे सिंड्रोम म्हणतात. २००१ मध्ये कळलं की त्यांच्यातल्या बहुतेकांत सोडियमच्याच एका उघाडीचा जनुक बिघडलेला असतो. गंमत अशी की यात उघाड्या जास्त नसतात, कमी पडतात, जवळजवळ निम्म्या. उघाड्या कमी, मग फिट जास्त कशा? आम्ही सगळे यात चकलो. उत्तर असं की ही उघाडी मुख्यतः मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या पेशींमध्ये असते, त्यांच्या तंतूच्या तोंडाशी, जिथे लाट सुरू होते. ब्रेकचाच निरोप उठत नाही. अशा बाळाला फेनिटॉइनसारखं औषध दिलं तर उरलेसुरले ब्रेकही जातात आणि फिट वाढतात. ज्या गोळीने आपल्या मित्राला उभं केलं तीच त्या बाळाला घातक. रोगाचं नाव एकच, पण बिघाड कुठल्या उघाडीत आणि ती कुठल्या पेशीत, हे पाहिल्याशिवाय औषध निवडता येत नाही. असं बाळ घेऊन आईवडील येतात तेव्हा आधी कुठे कुठे फिरून आले ते विचारायची मला आता गरज पडत नाही.

इथे आपल्यातले सात जण शिक्षक आहेत, म्हणून एवढं सांगतोच. वर्गात मुलाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, गळ्याशी बटण सैल करा, डोक्याखाली दप्तर किंवा काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर गाडी काढा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसतंय ते बघा.

त्या बांधावर मी त्याला चपलेबद्दल विचारलं होतं. आठवतं का म्हटलं. म्हणाला, "फिटमधलं काही आठवत नाही. पण शुद्धीवर आलो की नाकाला चिखल असायचा, आणि तू उभा असायचास. बाकीचे लांब असायचे." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "चप्पल कोणाची होती रे?" मी म्हटलं, माझीच. तो म्हणाला, "तरीच इतका वास."

तो आत्ता इथे नाही, मागे पंगतीची तयारी बघतोय. मघाशीच दोनदा डोकावून गेला. आमटी गार होतेय असं त्याचं म्हणणं आहे.